सालईटेकवरचा सरळ फोटो

वर्धा स्टेशनवर सकाळी साडेसातला उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन कॅमेरे, चार लेन्स, धुकं मिळालंच तर असावा म्हणून घेतलेला एक खास फिल्टर आणि धुक्यात फोटो कसे काढावेत याबद्दलची भरपूर मतं होती. नव्हता तो फक्त बॅटरीचा चार्जर. तो पुण्यात, आमच्या स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या प्लगला लावलेला राहिला होता. बायकोनं त्याचा फोटो काढून पाठवला. समोरून, सरळ, अख्खा चार्जर फ्रेममध्ये. त्या फोटोत मला शिकण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही.

मी लग्नांचे फोटो काढतो. हजार माणसांच्या लग्नात घोड्यापुढे उलटा चालत फोटो काढण्याचा कंटाळा आला, म्हणून काही वर्षांपूर्वी मी 'फक्त छोटी लग्नं' असं जाहीर केलं. पाचगणी-महाबळेश्वराकडे एखादा कडा, दहा-बारा माणसं, मंद संगीत. 'कॅमेऱ्याकडे बघू नका' हे माझं ब्रीदवाक्य आहे आणि ते मी कार्डावर छापूनही घेतलं आहे. अशा लग्नांचं एक पुस्तक करायचं माझ्या डोक्यात होतं. त्यातच सुमेधचा फोन आला.

"सर, तुमचे फोटो पाह्यले मी. आमचं बी छोटं लगन हाय. पहाडावर. सात लोकं."

सात! माझ्या यादीत इतकं छोटं लग्न नव्हतं. मी विचारलं, "थीम काय ठेवलीय?"

"पांढरे कपडे," म्हणाला.

काय अभिरुची आहे, असं मला वाटलं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात पांढरेच कपडे असतात आणि या माणसानं फक्त माहिती दिलीय, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. "कोनालेच सांगू नका सर, कुठी टाकू बी नका," असंही तो दोनदा म्हणाला. त्यातूनही मी अभिरुचीच काढली.

वर्ध्याहून आर्वी आणि आर्वीहून कारंजा, असा एसटीचा प्रवास. वेचणी संपलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, मध्येच संत्र्यांचे गडद हिरवे बगीचे. आर्वीच्या स्टँडवर शेजारी एक बाई येऊन बसल्या. पिशवी माझ्या पायावर ठेवली आणि चौकशी सुरू केली.

"कुठी चालले जी?"

"कारंज्याला."

"काऊन?" (का?)

"फोटो काढायला."

"कायचे?"

आता लग्नाचं सांगायचं नव्हतं. घाईत तोंडातून निघून गेलं, "पक्ष्यांचे."

बाईंनी मला खालून वर पाहिलं. "पुण्याले चिमण्या संपल्या का?"

एकदा बोललेलं खोटं मी प्रामाणिकपणे शेवटपर्यंत निभावतो. कारंज्याच्या लॉजवर रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' या रकान्यात मी ठळक अक्षरांत लिहिलं, पक्षी निरीक्षण.

हायवेवरच्या धाब्यावर तर्रीपोहे खाल्ले आणि निम्मी तर्री (लाल रस्सा) शर्टावर घेऊन चार्जर शोधायला निघालो. बाजारात एक फोटो स्टुडिओ सापडला. आत भिंतभर रंगवलेला धबधबा, त्याच्यापुढे प्लास्टिकचं हरीण. मालक विनोदभाऊ, पन्नाशीचे, एका आजोबांचा पासपोर्ट फोटो काढत होते. "वर पाहा. हनुवटी खाली. श्वास घ्या." मी मनातल्या मनात हसलो. पण त्यांच्याकडे माझ्या बॅटरीला चालणारा चार्जर निघाला आणि दोन तास बसायला खुर्चीही.

"कायचे फोटो काढून राह्यले?" त्यांनी विचारलं.

"पक्ष्यांचे."

त्यांनी माझी लेन्स उचलून पाहिली. जवळच्या चेहऱ्यांसाठी वापरतात ती. "पक्षी मांडीवर येऊन बसते वाटते तुमच्याकडं," ते म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. निघताना चार्जर चार दिवस ठेवा म्हणाले. "एक सांगू का भाऊ? कायचाबी फोटो काढजा, पयले एक सरळ काढून ठेवजा. समोरून. मंग करा काय कला करायची ते."

मी नम्रपणे मान हलवली. माझी ती मान हलवायची पद्धत बायकोला चांगली माहीत आहे.

दुपारी सुमेध मोटरसायकल घेऊन आला. तिशीच्या आतला, कमी बोलणारा, बोटं ग्रीसनं काळी. आर्वीत त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी तो दुरुस्त करतो. पल्लवी त्याला अशाच एका मोटरीमुळे भेटली. तिच्या वडिलांचा संत्र्यांचा बगीचा आहे, आणि एका उन्हाळ्यात त्यांची मोटर तीनदा जळली.

"तिसऱ्यांदा तूच जाळलीस काय?" मी विचारलं.

"नाई सर," तो गंभीरपणे म्हणाला. "पन चौथ्यांदा जळावी असं वाटलं होतं."

कारंज्यापासून सालईटेक पंधरा-सोळा किलोमीटर. रस्ता सागाच्या जंगलातून चढत जातो. पानं गळालेली, चाकाखाली पापडासारखी वाजणारी, आणि मध्येच पळस फुललेला. वर सपाटी लागते. मागे वळून पाहिलं की हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे सरकताना दिसतात. मी पुस्तकाचं मुखपृष्ठ ठरवत मागे बसलो होतो.

"मुलीकडचे आधीच पोचलेत का?" मी सहज विचारलं.

सुमेधनं गाडी बाजूला घेतली. "सर, तिच्या घरी मालूमच नाई. तिच्या घरचे हिंदू, मोठे शेतकरी. आमी बौद्ध. एक डाव विचारून पाह्यलं होतं तिनं. तवापासून तिचा काका तिच्या दवाखान्यासमोर गाडी लावून बसते." पल्लवी नर्स होती, आर्वीच्या एका खाजगी दवाखान्यात.

"मग पुण्याहून मला कशाला बोलावलंस?"

"इथल्या फोटोवाल्याले बलावलं असतं तं तिच्या बापाले अर्ध्या घंट्यात खबर असती. उद्या सकाळी लगन, दुपारी ग्रामसेवक येते. नोंद झाली, कागद हातात आला, का मंग कोनीबी येवो."

आमच्या पाचगणीकडच्या डोंगरावर लोक हजार नावांतून कापत कापत दहावर येतात आणि त्याला निवड म्हणतात. इथे सात माणसं होती, कारण आठवं मिळालं नव्हतं. मला घाम फुटला. पण खरं सांगायचं तर त्या घामातही एक विचार होताच, की पुस्तकाला आता वजन येईल.

सुमेधच्या आत्याचं घर विहाराला लागून. आत्या साठीच्या, आवाज अख्ख्या टेकडीला पुरेल असा. पल्लवी सकाळीच दवाखान्यात जाते म्हणून निघाली होती, ती थेट इथे. लहानखुरी, चटपटीत. माझ्या शर्टावरची तर्री पाहून तिनं आधी ते रक्त आहे का ते तपासलं. मग विचारलं, "दादा, तुमी आमचे तोंडं बरोबर काढसान ना? नाईतर काही फोटोत नवरी कोन तेच समजत नाई."

"निश्चिंत राहा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. खरोखरचं धुकं! सुमेध, पल्लवी, आत्या, सुमेधचा मित्र अतुल, शेजारचं एक जोडपं आणि लग्न लावणारे बौद्धाचार्य (निवृत्त पोस्टमन). विहारात बुद्धांच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील. हळू आवाजात, कारण टेकडीवरून आवाज लांब जातो. मग हार घातले गेले, आणि टाळ्यासुद्धा दबकत वाजल्या.

मी मात्र पिसाळलो होतो. मेणबत्तीच्या प्रकाशातले हात. पदराआडून अर्धी हनुवटी. पाण्याच्या पितळी तांब्यात दिसणारं विहाराचं दार. पाठमोरे दोघं, पलीकडे धुकं. "कॅमेऱ्याकडे बघू नका," मी दर मिनिटाला दबक्या आवाजात ओरडत होतो. ते बिचारे सवयीनं बघायचे.

हार घालून झाल्यावर आत्यानं सगळ्यांना मूर्तीपुढे ओळीत उभं केलं. "फोटोवाले बाबू, एक सगळ्याईचा काढ. सरळ. हात खाली, छाती पुढं."

पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून मी कॅमेरा उचलला. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "पल्लवी, जपून राहजो बरं. वायंडिंगवाला हाय हा. लय गरम झाला का बंद पडते." सगळे हसले. मी बटण दाबलं. पाहतो तर पल्लवीचे डोळे मिटलेले. डोळे मिटलेला फोटो जागच्या जागी पुसायचा ही माझी वीस वर्षांची सवय आहे. अंगठा आपोआप जातो. पुसला.

"पुन्हा घेऊ आत्या," म्हणालो, आणि त्याच क्षणी बाहेर धुक्यातून ऊन फुटलं. मी दोघांना घेऊन कड्याकडे पळालो. तिथे मला आणखी एक सुचलं. हार सोडायला लावून, त्यातली फुलं ओंजळीत घेऊन, ती दरीत उधळायला लावली. पाकळ्या, उजेड, दोन सावल्या. तसा फोटो माझ्या हातून आधी झाला नव्हता. नंतरही होणार नाही.

दुपारी आत्याकडे पंगत बसली. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे), वांग्याची भाजी आणि वरण. मी चार रोडगे खाल्ले. बौद्धाचार्य बाराच्या गाडीनं बहिणीकडे गेले, उद्या संध्याकाळी येतो म्हणाले. दोन वाजता आम्ही ग्रामपंचायतीत.

ग्रामसेवक सभ्य गृहस्थ. सुमेधनं आणलेला आधार, दाखले, तीन साक्षीदारांच्या सह्या, सगळं नीट पाहिलं. "फोटो?"

मी लॅपटॉप उघडला आणि खुर्चीत ऐटीत मागे रेललो.

त्यांनी एक पाहिला, दहा पाहिले, चाळीस पाहिले. चष्मा पुसला. "दोघाईचे तोंडं दिसले पायजे, जी. गळ्यात हार. बाजूले लग्न लावणारा. असा एक दाखवा."

मी पुढे सरकवत गेलो. हात. पाठ. तांब्या. सावली. पाय. धुकं. नवरा स्पष्ट होता तिथे नवरी म्हणजे धूसर पांढरा डाग, नवरी स्पष्ट होती तिथे नवऱ्याचा कान. चारशे बारा फोटो. पल्लवी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा श्वास आधी कानाशी ऐकू येत होता, मग तो ऐकू येईना.

"हे तं कोनाचंबी लगन हाय," ग्रामसेवक म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "माह्यं नाव लागते याच्यावर. उद्या कोर्टानं विचारलं तं मी काय दाखवू, पाठी?"

आत्ता काढू म्हणावं तर हार दरीत आणि बौद्धाचार्य गाडीत. ग्रामसेवकांकडे तीन गावं. ते पाचपर्यंत थांबले, मग "परवा दहाले येतो, तयारी ठेवा" म्हणून गेले. सुमेधनं कागद गोळा करून पिशवीत भरले. आत्या बोलल्या. "बाबू, मोटर खोलून पाह्यल्यावर माहा भाचा सांगते काय जळलं ते. तुह्यात काय जळलं?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोन जीपा वर आल्या. त्यांना कुणी सांगितलं ते कळलं नाही. एवढ्याशा तालुक्यात एक जास्तीचा दिवस म्हणजे खूप झाला. काका, भाऊ, आणखी चौघं, पल्लवीची आई आणि वडील. काका अंगणात शिरल्याशिरल्या ओरडू लागला. वडील ओट्यावर बसले. उन्हातून आलेला माणूस म्हणून आत्यानं त्यांना पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी तो घेतला, हातात धरला, आणि सगळं बोलणं होईपर्यंत तसाच धरून ठेवला. उठताना ओट्यावर ठेवला, काठोकाठ भरलेला.

अतुलनं पोलिसांना फोन केला होता. त्यामुळे प्रकरण हातघाईवर आलं नाही, सगळे ठाण्यात गेले. तिथल्या साहेबबाई सरळ होत्या. "मुलगी बावीस वर्षांची आहे. ती सांगेल तसं होईल," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "लग्न झालंय?"

"झालं," पल्लवी म्हणाली. "मी माह्या मनानं केलं."

"कुठी झालं?" काका म्हणाला. "नोंद हाय? फोटो हाय? दाखवा."

"म्या सोता पाह्यलं," आत्या म्हणाल्या.

"तू त्याचीच आत्या."

मी पुढे झालो. लॅपटॉप पुन्हा उघडला. साहेबबाई पाहू लागल्या. "हे हात कोणाचे?"

"तिचेच."

"आणि ही पाठ?"

मागे उभा असलेला हवालदार हळूच म्हणाला, "पन फोटो मस्त आहेत." काका मोठ्यानं हसला. "हे लगन हाय? हे तं क्यालेंडर हाय!"

"मॅडम, मी साक्षीला आहे. मी स्वतः तिथे होतो," मी म्हणालो. त्यांनी माझं नाव, गाव विचारलं आणि समोरच्या कागदावर नजर टाकली. मुलगी शोधताना लॉजमध्ये नवीन कोण उतरलंय त्याची चौकशी झाली होती. "तुम्ही इथे पक्षी निरीक्षणाला आला होतात ना?"

त्यानंतर माझ्या साक्षीत काही उरलं नाही.

फोटो असता तर बोलणं एका वाक्यात संपलं असतं. झालं ते झालं, आता काय करायचं ते बोला. फोटो नव्हता, म्हणून लग्न झालंय की व्हायचंय हाच मुद्दा झाला, आणि त्या फटीतून आई आत शिरली. ती ओरडली नाही. तिनं फक्त पल्लवीचं मनगट धरलं. "झालं नाई ना बाई अजून. मंग आजच्या दिवस घरी चाल. तुह्या बापानं कालपासून अन्न नाई घेतलं. उद्या आमीच आनून सोडतो तुले, चार लोकाईत."

साहेबबाईंनी दोनदा विचारलं, "तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का?" पल्लवीनं वडिलांकडे पाहिलं. ते आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होते. ती म्हणाली, "नाई. उद्या दहा वाजता येते मी." सही केली. जाताना माझ्यापाशी थांबली. "दादा, या वख्ती समोरून काढजा."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी आठलाच कारंज्याच्या बाजारात होतो. दोन ताजे हार घेतले. सालईटेकला जाऊन विहाराच्या दारात स्टँड लावला, कॅमेरा अगदी सरळ धरला, फ्रेम पासपोर्टसारखी बांधली. बौद्धाचार्य आले. ग्रामसेवक दहाला आले. सुमेध त्याच पांढऱ्या शर्टात दारात उभा होता. अकरा झाले. बारा झाले. तिचा फोन बंद होता. आत्या दर थोड्या वेळानं हारांवर पाणी शिंपडत होत्या. ग्रामसेवकांना दुसऱ्या गावी जायचं होतं, तरी ते चारपर्यंत बसून राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बोलावजा. रात असो का दिवस, येतो मी."

सुमेधनं मला कारंज्याला सोडलं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "सर, तुमचा राग नाई. मीच फोटो पाहून बलावलं तुमाले." त्यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. चार्जर द्यायला गेलो तेव्हा विनोदभाऊ दुकान झाडत होते. "मिळाले काय पक्षी?" त्यांनी विचारलं. माझं तोंड पाहून झाडू खाली ठेवला आणि खुर्ची पुढे केली. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

परतीच्या गाडीत मी चारशे बारा फोटो पुन्हा पाहिले. सुंदर होते. हे लिहितानाही मला तेच म्हणावं लागतंय, हीच या धंद्याची घाण आहे.

पुण्यात पोचल्यावर कुणीतरी सांगितलं की कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून पुसलेले फोटो परत काढता येतात. हे मला तिथेच ठाऊक असायला हवं होतं. वीस वर्षं पुसतोय, परत काढायची वेळ आली नव्हती. एका मुलीला कार्ड दिलं, तिनं तासाभरात तो ओळीतला फोटो काढून दिला. सात माणसं, हार, मूर्ती, बौद्धाचार्य, आत्यांची छाती पुढं. सगळे चेहरे लख्ख. पल्लवीचे डोळे मिटलेले. ग्रामसेवकांना हाच हवा होता.

सुमेधला पाठवला. तो घेऊन वकिलाकडे पळाला. वकील म्हणाले, फोटो चांगला आहे, पण आता मुलीनं येऊन बोललं पाहिजे. मुलगी कुठे आहे तेच कुणी सांगेना. आर्वीतला दवाखाना तिनं सोडला, एवढंच कळलं.

महिन्याभरानं विनोदभाऊंचा फोन आला. आवाज पडलेला. "भाऊ, तुमी जिचे फोटो काढले, ते पोरगी संत्रेवाल्याईचीच ना? तिचं लगन झालं आज. मले ऑर्डर होती. मांडवात गेल्यावर समजलं मले." मग म्हणाले, "सहाशे फोटो काढले. समोरून. एकातबी तिनं डोळे मिटले नाई. एकातबी हसली नाई."

हल्ली मी कुठल्याही लग्नात पहिला फोटो सरळ काढतो. सगळे ओळीत, कॅमेऱ्याकडे बघा, हात खाली. लोक म्हणतात, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. कार्डावरचं ब्रीदवाक्य मी खोडलंय. पुस्तक काढलं नाही.

पण माणूस इतक्या लवकर सुधारत नाही. सुमेधनं त्या फोटोची छापील प्रत मागितली तेव्हा मी त्याला सांगितलं, "आता संगणकावर डोळे उघडून देता येतात. दुसऱ्या फोटोतले बसवतो. कळणारही नाही."

फोनवर मागे मोटर फिरल्याचा आवाज येत होता. त्यानं ती बंद केली.

"नाई दादा," तो म्हणाला. "हसून राह्यली होती ते. राहू द्या तसेच."